लेक निवासगृहात ठेवण्यापूर्वी

बौद्धिक दिव्यांग मुलीला पाळी येऊ लागली की आईपुढे प्रश्न उभा राहतो : माझ्या पश्चात हिचे कोण करील? भंडारा जिल्ह्यात धानाच्या रोवणीला घरची सारी माणसे बांधीत जातात, तेव्हा तर हा प्रश्न रोजचाच. अशा वेळी निवासगृहाचा विचार मनात येणे हा अपराध नव्हे. तथापि, शिरूरची हकीकत प्रत्येक पालकाला ठाऊक असावी.

१९९४ च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील मतिमंद मुलींच्या शासकीय वसतिगृहातून काही मुलींना ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशये काढण्यात आली. कारण आजाराचे नव्हते. पाळीतील स्वच्छता त्यांना राखता येत नाही, एवढेच सांगण्यात आले. महिला संघटनांनी आवाज उठविल्यावर शासनाने पुढील शस्त्रक्रिया थांबविल्या.

पाळी हा रोग नाही. तिच्यासाठी हवी असते न कंटाळता शिकविणारी, कपडे बदलून देणारी काळजीवाहक. ती उणीव संस्थेची. शस्त्र मात्र चालले मुलींच्या देहावर. शिवाय गर्भाशय काढल्याने लैंगिक अत्याचार टळत नाही. गर्भ राहून तो उघडकीस येण्याची वाट तेवढी बंद होते.

आज कायदा स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १० नुसार दिव्यांग व्यक्तीच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीविना वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. खासगी संस्थेला या कायद्याखाली नोंदणी प्रमाणपत्र आवश्यक आहे. शासनाने चालविलेल्या संस्थांना नोंदणीचे ते प्रकरण लागू नाही. अठरा वर्षांखालील मुलांच्या बालगृहांना, ती शासकीय असोत वा खासगी, बाल न्याय कायद्यानुसार तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी भेट द्यावी लागते. त्या समितीत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असतो. पुढे मुलगी सज्ञान झाली, की घरच्या माणसांची नजर अधिकच मोलाची ठरते.

म्हणून प्रवेशापूर्वी विचारा : रात्री किती महिला काळजीवाहक असतात? पाळीच्या दिवसांत कोण पाहते? मागील तपासणीत कोणत्या त्रुटी आढळल्या, आणि त्या दूर झाल्या का? प्रवेशानंतर पूर्वसूचना न देताही भेटीस जा. लेकीचे वजन, केस, नखे, त्वचेवरील व्रण पाहा. ती एकाएकी अबोल झाली, कुणाला पाहून बिचकू लागली, तर ‘स्वभावच तसा’ म्हणून सोडून देऊ नका.

छळाचा वा शोषणाचा संशय आला, तर कलम ७ नुसार कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या तहसीलदारांनाही, माहिती देऊ शकतो. त्यासाठी नातेवाईक असण्याचीही अट नाही.

जिला आपले दुःख सांगता येत नाही, तिच्या वतीने विचारणारे माणूस हवे. आठवड्याच्या बाजाराला जाता, तशी महिन्याची एक फेरी तिच्याकडेही ठरवून ठेवा.