सहलीच्या अलीकडचे व पलीकडचे दिवस

परदेशच्या सहलीविषयी बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारल्यास ते गैर नाही. आमचे आयुष्य कारखान्यांच्या गेटावर सभा घेण्यात, कराराची कलमे जुळविण्यात आणि लोकांच्या रजा मंजूर करून घेण्यात गेले. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि वाटाघाटींच्या टेबलावर. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या सभासदांपैकी बरेच जण निवृत्तीच्या पैशातून युरोपची सहल करू लागले, आणि निघण्यापूर्वी कागद घेऊन युनियनच्या कचेरीत येऊ लागले. रजेच्या पत्रात काय लिहावे, विमा किती दिवसांचा, कंपनीच्या छापील अटींत मेख कोठे, हे आम्हांला विचारीत. करार वाचण्याची खोड असल्यामुळे आम्हीही ते वाचू लागलो. त्या वाचनातून जे समजले, आणि २०२३ साली स्वतः जाऊन जे भोगले, ते येथे सांगतो. विषय लहान आहे: कंपनीच्या सहलीला मागेपुढे स्वतःचे दोन-चार दिवस जोडावयाचे असतील, तर ते कसे जोडावेत.

ह्या विषयाकडे आम्ही वळलो ते आमच्या एका सहकाऱ्यामुळे. पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यातून ते निवृत्त झाले आणि २०१८ साली पत्नीसह युरोपला गेले. त्यांचे पणजोबा खडकीच्या सॅपर्स पलटणीत होते. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्सला गेले ते परत आले नाहीत. घरात एवढीच माहिती, आणि पत्र्याच्या पेटीत एक जुना कागद. सहलीच्या कार्यक्रमात पॅरिस होते, म्हणून सहकाऱ्यांनी मनाशी धरले की तेथे गेल्यावर टूर मॅनेजरला सांगू, बस थोडी वळवतील. पॅरिसहून ब्रुसेल्सकडे जाताना त्यांनी विचारले. ती जागा रस्त्यापासून जेमतेम तासाभराच्या वाटेवर. मॅनेजर बिचारा हात जोडून म्हणाला, काका, जमणार नाही. ते परत आल्यावर आमच्याकडे तक्रार घेऊन आले, आणि आम्हीही आधी सहल कंपनीवरच चिडलो.

मग आम्ही नियम पाहिला आणि आमचाच राग आम्हांला गिळावा लागला. युरोपियन संघाच्या २००६ च्या नियमाप्रमाणे बसचालकाने दिवसाकाठी साधारणतः ९ तासच गाडी चालवावयाची, आठवड्यातून दोनदा फार तर १०. साडेचार तास चालविल्यावर पाऊण तास विश्रांती घ्यावयाची. दिवसाची सलग विश्रांती ११ तासांची. ती थोडी कमी करण्याची मुभा आहे, पण मोजकीच. गाडीत यंत्र बसविलेले असते, ते सर्व नोंदून ठेवते. आता हिशेब करा. पॅरिस ते ब्रुसेल्स सुमारे चार तास, तेथून नेदरलँड्समधील मुक्कामापर्यंत आणखी तीन. त्यात जाऊन-येऊन दोन तासांचे वळण घातले की नऊ भरले, आणि रस्त्यात गर्दी लागली तर चालक कायद्याच्या बाहेर. आमच्या सहकाऱ्याची इच्छा खरी होती. पण त्या चालकाचे नऊ तासही कोणीतरी भांडूनच मिळविलेले. कामाचे तास मागणाऱ्या माणसाने दुसऱ्याचे तास मोडा असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

तेव्हा सहलीच्या पोटात स्वतःचा दिवस मिळत नाही, हे पक्के समजावे. चाळीस-पंचेचाळीस माणसे, एक बस, आधीच घेतलेली तिकिटे, जेवणाच्या ठरलेल्या वेळा. त्यात एकाला दिलेली सवलत म्हणजे इतरांवर अन्याय. स्वतःचा दिवस मिळतो तो सहलीच्या दोन टोकांना. आणि तोही पैसे भरण्यापूर्वी मागावा लागतो. मागाहून मागितला तर कंपनीची इच्छा असूनही हात बांधलेले असतात. ते का, हे समजून घेतले पाहिजे.

पहिली गाठ तिकिटाची. कंपनी विमानाच्या जागा घाऊक घेते आणि सर्वांची तिकिटे एका गठ्ठ्यात काढते. ज्याला वेगळ्या तारखेने जावयाचे त्याने तिकिटे निघण्याच्या आधी सांगितले तर काही वेळा तारीख बदलून मिळते. नाहीतर सरळ मार्ग असा की विमानभाडे वगळून सहल घ्यावी, तिकीट आपले आपण काढावे आणि पॅरिसला मंडळींना जाऊन मिळावे. सहलवाल्यांच्या भाषेत ह्याला 'जॉइनिंग-लीव्हिंग' म्हणतात. एक चूक मात्र कोणी करू नये: गटाचे तिकीट घ्यायचे, जाताना वेगळ्या विमानाने जायचे आणि येताना गटाच्या तिकिटावर येऊ म्हणायचे. जाण्याचा टप्पा वापरला नाही की विमान कंपनी पुढचे टप्पे रद्द करते. परतीच्या दिवशी विमानतळावर हे कळणे फार महाग पडते.

दुसरी गाठ व्हिसाची, आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. फ्रान्सपासून इटलीपर्यंतचे देश शेंगेन करारात आहेत; आज असे २९ देश आहेत आणि एकच व्हिसा सर्वांना चालतो. (ब्रिटनचा व्हिसा निराळा.) पण अर्ज कोणत्या देशाकडे करावयाचा? ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहावयाचे, त्याच्याकडे. समजा, सहलीत स्वित्झर्लंडच्या तीन रात्री आहेत आणि पॅरिसच्या दोन. कंपनी सर्व गटाचे अर्ज स्वित्झर्लंडकडे करणार. तुम्ही पॅरिसला आधी दोन रात्री जोडल्या की तुमच्या फ्रान्समधील रात्री चार झाल्या, आणि तुमचा अर्ज फ्रान्सकडे जावयास हवा! गटाची तारीख एका ठिकाणी, तुमची दुसऱ्या ठिकाणी. म्हणून जोडदिवसांची गोष्ट कंपनीच्या व्हिसा पाहणाऱ्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगावी. अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो. लवकर करणे बरे.

व्हिसाच्या चिकटपत्रावर दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि एकूण किती दिवस. पुष्कळ लोक तारखाच पाहतात. तारखा पंचवीस दिवसांच्या असतील आणि मुक्कामाचे दिवस चौदाच असतील, तर राहावयाचे चौदाच. पोचण्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस, दोन्ही त्यात मोजले जातात. म्हणून जोडलेल्या रात्रींचे हॉटेल, त्या तारखांचे तिकीट आणि नोकरीत असाल तर त्या सर्व दिवसांचे रजामंजुरीचे पत्र अर्जासोबत लावावे. विम्याचेही तसेच. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि कंपनीने काढलेला विमा बहुधा सहलीच्या तारखांपुरताच असतो. जादा दिवस त्यात घालून घ्यावे, आणि ते येथून निघण्यापूर्वीच.

रजेवरून आठवले. १९४८ च्या कारखाने कायद्याने वीस दिवस कामामागे एक दिवस पगारी रजा दिली. त्या मापाने चार जोडदिवस म्हणजे ऐंशी दिवसांची मेहनत. फ्रान्सच्या कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा १९३६ च्या जूनमध्ये मिळाली, आणि तीही लाखो लोकांनी कारखाने व्यापून केलेल्या संपानंतर. त्या उन्हाळ्यात कित्येकांनी समुद्र प्रथमच पाहिला. इतक्या मोलाचा दिवस हॉटेलच्या दारात बसून घालवू नये. मुंबईहून निघणारी विमाने पुष्कळदा मध्यरात्रीनंतर सुटतात. म्हणजे तिकिटावर १० तारीख असेल तर घरून ९ तारखेच्या संध्याकाळी निघावयाचे. युरोपात सकाळी उतरतो, पण खोली दुपारी दोन-तीनच्या आत मिळत नाही. बॅगा हॉटेलात ठेवून बाहेर पडावे. वयस्कर माणसे बरोबर असतील तर आदल्या रात्रीचे भाडे भरून खोली सकाळीच ताब्यात घ्यावी. तो खर्च वाया जात नाही. हे हॉटेल गावात, स्टेशनाजवळ पाहावे. कंपनीचे हॉटेल बहुधा गावाबाहेर असते, तेव्हा त्याचा पत्ता आधीच लिहून घ्यावा, कारण तेथपर्यंत आपले आपणच जावयाचे असते. आणि बंदचे वार पाहावे: पॅरिसचे लूव्र मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय सोमवारी. लूव्र १ मे रोजीही बंद असते. त्याविषयी आम्ही तरी कोणाकडे तक्रार करणार?

२०२३ साली आम्ही सहाजण गेलो, तेव्हा सहलीच्या आधी तीन दिवस धरले. आमचे ते सहकारी बरोबर नव्हते. दुसऱ्यांदा जाण्याइतका पैसा उरला नव्हता आणि गुडघेही गेले होते. त्यांच्या पेटीतील कागदावरून आम्ही येथेच शोध घेतला. राष्ट्रकुलाच्या युद्धस्मारक आयोगाची नोंदवही इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. नाव, पलटण आणि स्मारकावरील फलकाचा क्रमांक तीत मिळतो. इंग्रजी लेखनिकांनी मराठी नावे कशी लिहिली असतील ह्याचा नेम नाही, म्हणून चार-पाच तऱ्हांनी शोधावे लागले. सापडले. फलकाचा क्रमांक वहीत लिहून घेतला.

न्यव्ह-शापेल हे उत्तर फ्रान्समधील लहानसे गाव. पॅरिसहून वेगवान रेल्वेने लील शहरी सुमारे तासाभरात पोचतो. तेथून मोटारीने पाऊण तास. गावाबाहेर शेतांच्या कडेला वर्तुळाकार भिंत आहे आणि मध्ये सुमारे पंधरा मीटर उंचीचा स्तंभ, वर कमळाचे शीर्ष, पायथ्याशी दोन वाघ. पश्चिम आघाडीवर पडलेल्या आणि ज्यांची थडगी माहीत नाहीत अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे त्या भिंतीवर आहेत. स्मारक ७ ऑक्टोबर १९२७ रोजी उघडले. १९१४ च्या २८ ऑक्टोबरला ह्याच गावावरील चढाईत खडकीच्या सॅपर्सच्या विसाव्या व एकविसाव्या कंपन्या होत्या. खंदक खणणे, पूल बांधणे हे त्यांचे काम. त्या दिवशी त्यांना पायदळ म्हणून पुढे घातले. त्यांचे सर्व इंग्रज अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले आणि शिपायांपैकी सुमारे एक तृतीयांश पडले. कारागिरांना त्यांच्या कामाबाहेर वापरल्याची ही गोष्ट आम्ही तेथे उभे राहून एकमेकांना सांगितली.

तिकीट नाही, रांग नाही, दुसरे कोणी माणूसही नव्हते. नाव सापडावयास दहा मिनिटे लागली. आम्ही त्याचे फोटो घेतले आणि दोन तास तेथेच बसलो. परत आल्यावर सहकाऱ्यांच्या हाती फोटो दिला. त्यांनी तो भिंतीवर लावला नाही. पत्र्याच्या पेटीत, त्या जुन्या कागदाजवळ ठेवला. मागून त्यांनी एकच विचारले, ऊन होते का तेथे.

सहलीच्या नंतरचा दिवस मात्र आम्ही तितक्या शहाणपणाने धरला नाही. सहल रोमला संपली आणि आम्ही एकच दिवस जोडला. त्या दिवशी रेल्वेचा संप! इटलीत १९९० च्या कायद्याने अशा सेवांतील संपाची निदान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते, तेथील वाहतूक मंत्रालय यादी प्रसिद्ध करते, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ ठराविक गाड्या चालवाव्याच लागतात. हे सर्व आम्ही नंतर वाचले. त्या दिवशी दुपारी एक वाजता बॅगा घेऊन आम्ही सहा कामगार पुढारी रिकाम्या फलाटावर उभे होतो, आणि संप मोडावा अशी इच्छा एकाच्याही तोंडून निघणे शक्य नव्हते. शेवटी विमानतळाकडे बदली बस मिळाली. रोमच्या जुन्या तटाच्या आतून विमानतळापर्यंत टॅक्सीचे भाडे ठरवून दिलेले आहे, हे माहीत असते तर तेही जमले असते. शेवटच्या दिवशी दूरच्या गावी जाऊ नये आणि संपांची यादी पाहून ठेवावी, एवढे आम्ही आता सर्वांना सांगतो.

घरी पोचल्यावरचे दोन दिवसही रजेतच धरावे. उन्हाळ्यात रोमचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते, आणि पूर्वेकडे येताना झोपेची घडी बसावयास जास्त वेळ लागतो. आम्ही ते दिवस धरले नाहीत. सोमवारी पहाटे मुंबईस उतरलो आणि दुपारी वाटाघाटींस बसलो. मालकपक्षाने जादा कामाच्या भत्त्याचे कलम दोनदा वाचले आणि आम्ही दोन्ही वेळा मान डोलावली, असे सहकारी सांगतात. ते कलम पुढच्या बैठकीत दुरुस्त करून घ्यावे लागले.