वस्तरा कुणाच्या हातात? अमेरिकेतलं बार्बर आणि कॉस्मेटॉलॉजीचं लायसन्स

गेल्या आठवड्यात एका श्रोता ताईची व्हॉइस नोट आली. नाशिकला सहा वर्षं पार्लर चालवतेय. लग्न ठरलंय, नवरा कॅलिफोर्नियात. तिचा प्रश्न असा: "दादा, तिकडे म्हणे केस कापायलाही लायसन्स लागतं. मग मी बार्बरचं घेऊ की कॉस्मेटॉलॉजीचं? आणि दोन्हींत फरक तरी काय?"

मला आधी वाटलं, पाच मिनिटांत उत्तर होईल. पुरुषांचे केस म्हणजे बार्बर, बायकांचे म्हणजे कॉस्मेटॉलॉजी, संपलं. पण ते चूक निघालं. कायदा गिऱ्हाईक पुरुष की बाई हे बघतच नाही. कॅलिफोर्नियात बार्बर बाईचे केस कापू शकतो, रंगवू शकतो, पर्म करू शकतो. कॉस्मेटॉलॉजिस्टही पुरुषाचे केस कापू शकते. केसांच्या बाबतीत दोघांचं काम जवळजवळ सारखंच.

फरक आहे तो वस्तऱ्याचा. गिऱ्हाइकाची दाढी वस्तऱ्याने गुळगुळीत करायची असेल तर बार्बरचंच लायसन्स हवं. उलट वॅक्सिंग, मॅनिक्युअर, पेडिक्युअर हे बार्बरच्या लायसन्सवर चालत नाही, तिथे कॉस्मेटॉलॉजी लागते. म्हणजे नाशिकच्या पार्लरमध्ये आपली ताई जे दिवसभर करते, केस, फेशियल, वॅक्स, नखं, ते सगळं कॉस्मेटॉलॉजीत येतं. कोपऱ्यावरच्या सलूनमधले दादा जे करतात, म्हणजे कटिंग, दाढी, वर डोक्याची चंपी, ते बार्बरिंग.

आता हे असं का? यामागे इतिहास आहे, आणि मला तोच भाग जास्त आवडला. अमेरिकेत बार्बरना लायसन्स लावणारं पहिलं राज्य मिनेसोटा, साल 1897. तेव्हा सलूनमध्ये एकच वस्तरा, एकच ब्रश, एकच टॉवेल दहा जणांना फिरायचा, आणि त्यातून त्वचेचे रोग पसरायचे. वस्तरा म्हटलं की कापणं आलं, कापलं की रक्त आलं, म्हणून सरकार मध्ये पडलं. बायकांची ब्युटी पार्लर्स तिकडे नंतर वाढली आणि त्यांचे कायदे वेगळे झाले. मग 1920 च्या दशकात बॉब कटची फॅशन आली. बायका आखूड केस कापून घ्यायला थेट बार्बरकडे जायला लागल्या, आणि हे गिऱ्हाईक कुणाचं यावरून दोन्ही धंद्यांत जुंपली. कॅलिफोर्नियात तर दोघांची दोन वेगळी बोर्डं होती, ती 1992 मध्ये एकत्र झाली. बोर्ड एक झालं, लायसन्सं मात्र दोनच राहिली.

आता तासांचं बघू, कारण पैसा आणि वेळ तिथेच जातो. आधी कॅलिफोर्नियात कॉस्मेटॉलॉजीला 1600 तास आणि बार्बरिंगला 1500 तास शाळेत बसावं लागायचं. 1 जानेवारी 2022 पासून नवा कायदा लागू झाला आणि दोन्हींना 1000 तास झाले. प्रात्यक्षिक परीक्षाही काढून टाकली, आता फक्त लेखी. आठवड्याला 30 तास धरले तरी 1000 तासांना साधारण आठ महिने जातात. फी हजारो डॉलरमध्ये असते. कम्युनिटी कॉलेजात ती खासगी शाळेपेक्षा बरीच कमी पडते, त्यामुळे पहिली चौकशी तिथे करायची. परीक्षा इंग्रजीखेरीज स्पॅनिश, व्हिएतनामी, कोरियन अशा काही भाषांत देता येते. त्यात मराठी नाही, हिंदीही नाही.

त्याच कायद्याने हेअरस्टायलिस्ट नावाचं 600 तासांचं छोटं लायसन्सही आणलं. ऐकायला मस्त वाटतं, पण त्यात केमिकलचं काम बसत नाही. केस कापा, धुवा, ब्लो ड्राय करा, पण रंग लावू नका. पार्लरची कमाई बरीचशी रंगावर असते, त्यामुळे मला तरी ते अर्धवट वाटतं. स्किनचं एस्थेटिशियन लायसन्सही 600 तासांचं, आणि नखांचं 400 तासांचं.

आता गंमत ऐका. भुवयांचं थ्रेडिंग! कॅलिफोर्नियाच्या कायद्यात थ्रेडिंग या व्याख्यांच्या बाहेर ठेवलंय. त्याला लायसन्स लागतच नाही. त्याच भुवया वॅक्सने काढल्या की लागतं. दोऱ्याने केलं तर मोकळं.

टेक्सासमध्ये मात्र यावरून मोठं भांडण झालं. तिथे सरकार म्हणत होतं की थ्रेडिंग करणाऱ्यांनीही 750 तासांचं शिक्षण घेऊन लायसन्स काढावं. त्या अभ्यासक्रमात थ्रेडिंगशी संबंध नसलेलंच कितीतरी. थ्रेडिंगवाले 2009 मध्ये कोर्टात गेले. पटेल खटला म्हणून तो ओळखला जातो, नावावरूनच कळतं की आपली माणसं होती. 26 जून 2015 ला टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 असा निकाल त्यांच्या बाजूने दिला. 750 पैकी 320 तासांपर्यंतचं शिक्षण या कामाच्या उपयोगाचं नाही, आणि एवढं ओझं लादणं राज्याच्या घटनेत बसत नाही, असं कोर्टाचं म्हणणं. आजीने शिकवलेला दोरा थेट घटनेपर्यंत पोचला!

आपल्याकडे यातलं काहीच नाही. दुकानाची नोंदणी असते, आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा कोर्स आहे, पण वस्तरा हातात धरायला कुणी परीक्षा घेत नाही. आपण मान पुढे करतो आणि "दादा, ब्लेड नवीन घाला हं" एवढंच म्हणतो. मला 1000 तास जरा जास्तच वाटतात, पण काहीच नाही हेही बरोबर वाटत नाही. त्यावर कधीतरी वेगळा भाग करू.

तर ताई, तुझ्यापुरतं. तू वॅक्स, फेशियल, नखं करतेस, म्हणून कॉस्मेटॉलॉजीच घे. पुढे दाढीही करावीशी वाटली तर क्रॉसओव्हर कोर्स असतो, सगळे तास पुन्हा करावे लागत नाहीत. सहा वर्षांचा अनुभव तासांत धरतील असं गृहीत धरून निघू नकोस. कोर्सची सर्टिफिकेटं बोर्डाला पाठव आणि उत्तर लेखी घे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कारण यात लोक फसतात. लायसन्स म्हणजे नोकरीची परवानगी नव्हे. नवरा एच-वन बी वर असेल आणि तू एच-फोर वर जाणार असशील, तर वर्क परमिटशिवाय एक डॉलरही कमवता येत नाही, अगदी घरी मैत्रिणींच्या भुवया पैसे घेऊन केल्या तरीही. ते परमिट सहसा नवऱ्याच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर, म्हणजे आय-140 मंजूर होण्यापर्यंत, पोचली असेल तरच मिळतं. तेव्हा फी भरण्याआधी त्याला हा एक प्रश्न विचार. लाजू नकोस, लग्नाआधीच विचार. आणि तो काय म्हणाला ते पुढच्या व्हॉइस नोटमध्ये सांग.