शाळेचं कुलूप कोण उघडणार?

आमच्या गावची जुनी कौलारू शाळा तुम्हाला माहीत आहे. नवी इमारत झाली, मुलं तिकडे गेली आणि जुनीला कुलूप लागलं. आता तिच्या निर्लेखनाची, म्हणजे मोडीत काढून पाडण्याची चर्चा आहे. आम्ही गटाच्या बायका मात्र देवळाच्या ओट्यावर बैठक घेतो. पाऊस आला की हिशोबाच्या वह्या पदराखाली! म्हणून आज पुण्यातल्या दोन वाड्यांची गोष्ट सांगणार आहोत.

बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी राहण्यासाठी बांधला. सुरूच्या खोडासारखे कोरलेले त्याचे लाकडी खांब आजही बघण्यासारखे आहेत. १८१८ मध्ये पेशवाई गेली. १८२१ मध्ये इंग्रज सरकारने तिथे संस्कृत पाठशाळा काढली. खर्च दक्षिणा फंडातून व्हायचा आणि शिकायला ब्राह्मणांची मुलं असायची. मुलींना तिथे जागा नव्हती.

दुसरा वाडा तिथून चालत जाण्याइतका जवळ, बुधवार पेठेतला भिडे वाडा. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी तिथे मुलींची शाळा सुरू केली. लोकांनी नावं ठेवली, त्रास दिला, पण शाळा वाढल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी या कामासाठी जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला. कुठे झाला? त्याच विश्रामबाग वाड्यात! जिथे मुलींना शिकायला जागा नव्हती, तिथेच मुलींच्या शिक्षणाचा मान झाला. चार माणसं जमायला जागा असली की असं होतं.

१८७९ मध्ये विश्रामबाग वाड्याला आग लागली आणि दर्शनी भाग जळाला. तो लोकवर्गणी आणि नगरपालिकेच्या पैशांतून पुन्हा उभा राहिला. पुढे तिथे पालिकेची कचेरी आली, नंतर प्रदर्शनं भरू लागली. वाडा माणसांच्या राबत्यात राहिला.

भिडे वाड्याच्या नशिबी ते नव्हतं. तिथे दुकानं आली, डागडुजी राहिली, वाद कोर्टात गेला. निकाल लागेपर्यंत वाडा मोडकळीला आला होता. डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला गेला. त्या जागी राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे. स्मारक हवंच. पण ज्या भिंतींनी मुलींचे पहिले धडे ऐकले, त्या काही परत येणार नाहीत.

घरात माणूस नसलं की घर पडतं, असं आपल्या आज्या म्हणायच्या. शाळेचंही तसंच.

मग करायचं काय? आधी ग्रामपंचायतीत विचारा, इमारत आणि जागा कोणाच्या नावावर आहे. जिल्हा परिषदेची असेल तर तिची परवानगी लागेल. बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून भिंती आणि छत तपासून घ्या. धोका आहे असं ते म्हणाले तर हट्ट नको, जीव आधी. इमारत धड असेल तर महिला सभेत विषय मांडा आणि ग्रामसभेत ठराव घ्या. बैठका, आरोग्य तपासणी, हळदीकुंकू, पापड-लोणच्याची विक्री, गरिबाघरचं लग्न, सगळं तिथे होऊ शकेल. किल्ली कोणाकडे, झाडलोट कोणाची, विजेचं बिल कोण भरणार, हेही ठरावातच लिहून घ्या. नाहीतर आज उघडलेलं दार वर्षाच्या आत पुन्हा बंद होतं.

आमचा अर्ज तयार आहे. सह्या करायला या. सही येत नसेल तर अंगठा नको, आधी सही शिकवू. तेही त्याच शाळेच्या ओसरीवर बसून!