घोड्याच्या दमाने आखलेले घाट

ऑगस्ट १९०० मध्ये स्वित्झर्लंडच्या पूर्वेकडच्या ग्राउब्युन्डन प्रांतात सरकारी हुकूम निघाला: प्रांतातल्या एकाही रस्त्यावर मोटारगाडी चालवायची नाही. त्या वेळी तिथे मोटारी होत्या तरी किती! सेंट मॉरिट्झला हवा खायला येणाऱ्या धनिकांच्या मोजक्या गाड्या. पण टपालगाडीचे घोडे त्यांना बुजत आणि अरुंद घाटात बुजलेला घोडा म्हणजे थेट दरीशी गाठ. बंदीमागे पैशाचा हिशेबही होता. प्रांताने रेटियन रेल्वेत मोठी रक्कम गुंतवली होती, १९०४ मध्ये तिचे रूळ सेंट मॉरिट्झपर्यंत पोचले. प्रवासी मोटारीने येऊ लागले, तर आगगाडीत बसणार कोण?

ही बंदी पंचवीस वर्षं टिकली. प्रश्न पुन्हा पुन्हा जनमताला टाकला गेला आणि गावकऱ्यांनी मोटारीला पुन्हा पुन्हा नकार दिला. बाहेरून आलेल्या मोटारवाल्याला प्रांताच्या वेशीवर इंजिन बंद करून गाडीला घोडे किंवा बैल जुंपावे लागत. अखेर जून १९२५ मध्ये कौल फिरला. आज आल्प्समधला एखादा घाट एका दिवसासाठी फक्त सायकलींना खुला झाला, की त्याकडे नव्या जमान्याची हौस म्हणून पाहिलं जातं. प्रत्यक्षात या रस्त्यांवर मोटार उशिरा आली. बरेचसे घाट तिच्या कितीतरी आधीचे आहेत.

सिम्प्लॉनचा रस्ता नेपोलियनने तोफा नेता याव्यात म्हणून बांधवला, तो १८०५ मध्ये पुरा झाला. गोटहार्ड १८३० मध्ये घोडागाड्यांना खुला झाला. (आपल्या बोरघाटातला गाडीरस्ताही त्याच वर्षीचा.) आणि या सगळ्यांत नाव झालं ते स्टेल्व्हिओचं. १८१५ नंतर लोम्बार्डी ऑस्ट्रियाच्या ताब्यात आली, तेव्हा तिरोल आणि मिलान यांना जोडणारा रस्ता व्हिएन्नाला हवा होता. कार्लो दोनेगानी या अभियंत्याने १८२० ते १८२५ या काळात तो काढला. खिंडीची उंची सुमारे २,७५७ मीटर. प्रातो गावाकडून चढलं तर सुमारे साडेचोवीस किलोमीटरमध्ये जवळजवळ १,८०० मीटर उंची गाठावी लागते, आणि वाटेत ४८ हेअरपिन वळणं. आकडे छाती दडपणारे आहेत, पण भागाकार करून पाहा: चढ सरासरी साडेसात टक्क्यांच्या आतबाहेर, म्हणजे शंभर मीटर गेलं की सात-साडेसात मीटर वर. दोनेगानीला भरलेली गाडी ओढणाऱ्या घोड्याचा दम सांभाळायचा होता. डोंगर त्याहून खडा असेल तिथे त्याने रस्ता लांबवला आणि वळवून आणला. घोड्याला झेपेल तो चढ हलक्या गिअरवर बसल्या बैठकीने पॅडल मारणाऱ्या माणसालाही झेपतो. या घाटांवर सायकल इतकी शोभते, याचं मूळ माझ्या मते इथे आहे.

उलट उदाहरण ऑस्ट्रियात आहे. ग्रोसग्लॉकनरचा रस्ता फ्रान्झ वालाकने आखला, तो ऑगस्ट १९३५ मध्ये खुला झाला. मोटारीतून पर्यटकांनी हिमनद्या पाहाव्यात, हा त्याचा एक मोठा हेतू. इंजिनाला दम लागत नाही, त्यामुळे चढ बारा टक्क्यांपर्यंत जातो आणि उत्तरेकडून चढताना किलोमीटरमागून किलोमीटर दहाच्या आसपास रेंगाळतो. त्या दोन-तीन टक्क्यांचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. मांड्या भरून आल्या की तो कळतो.

सायकल हे घोड्यांच्या रस्त्याचं दुसरं आयुष्य ठरलं. टूर द फ्रान्स ही सायकलशर्यत १९११ मध्ये गालिबियेच्या घाटावर चढली. स्टेल्व्हिओवर इटलीची जिरो शर्यत यायला १९५३ साल उजाडलं. त्या वर्षी शेवटून दुसऱ्या टप्प्याला आघाडीवीराची गुलाबी जर्सी स्वित्झर्लंडच्या ह्यूगो कोब्लेटच्या अंगावर होती. फाउस्तो कोप्पीने याच चढावर त्याला मागे टाकलं आणि शर्यत जिंकली. आता जिरोतल्या दर वर्षीच्या सर्वांत उंच घाटाला ‘चिमा कोप्पी’, म्हणजे कोप्पीचं शिखर, म्हणतात.

पण कोप्पीच्या या रस्त्यावर आज ऑगस्टातल्या एखाद्या दुपारी सायकल घेऊन गेलात, तर मोटारसायकलींच्या रांगा, बस वळवताना घामाघूम झालेले चालक आणि धूर यांतून वाट काढावी लागते. हेअरपिनची एक खुबी असते: आतल्या कडेला चढ एकदम उभा होतो, बाहेरच्या कडेला तो पसरट राहतो. मोकळ्या रस्त्यावर सायकलस्वार बाहेरून रुंद वळण घेतो आणि दोन श्वास कमावतो. वाहतूक असली की त्याला आपल्या बाजूला चिकटून राहावं लागतं, त्यामुळे उजवं वळण आलं की तो आतल्या खड्या कडेलाच अडकतो. मोटारी नसल्याचा फायदा शांततेपुरता नाही, तो थेट पायांना जाणवतो.

म्हणून दर वर्षी ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला एका शनिवारी स्टेल्व्हिओ मोटारींना बंद होतो. सकाळी आठच्या सुमारास फाटक पडतं, दुपारी चारला उघडतं. शर्यत नाही, घड्याळ नाही, नावनोंदणीही लागत नाही. वळणांचे क्रमांक खालून उलटे मोजलेले असतात: प्रातोकडून पहिलं भेटतं ते ४८, माथ्याशी १. शेवटच्या टप्प्यात हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम सत्तर टक्के उरतो, त्यामुळे खाली गप्पा मारत निघालेली टोळकी वीस नंबरच्या पुढे मुकी होतात. बेताचा सराव असलेल्याला अडीच-तीन तास लागतात. वर पोचल्यावर भाजलेल्या सॉसेजच्या गाड्या लागलेल्या असतात, तिथला धूर मात्र कोणी बंद करत नाही.

डोलोमाइट्समध्ये सेला पर्वताभोवतीच्या सेला, गार्देना, काम्पोलोंगो आणि पोर्दोई या चार घाटांचं कडंही जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये असंच एकेक दिवस सायकलींना मिळतं. फ्रान्सच्या ओत-आल्प जिल्ह्यात इझोआर आणि आन्येलसारखे घाट उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी सकाळचे काही तास राखून ठेवतात. एक दिवस बंद ठेवायला सगळे हसत तयार होतात. त्याच्या पुढे गेलं की गाडं अडतं. २०१७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सेला घाट दर बुधवारी दिवसा मोटारींना बंद ठेवून पाहिला. काही हॉटेलवाल्यांनी आरडाओरडा केला आणि पुढच्या वर्षांत तो प्रयोग त्या रूपात टिकला नाही. स्वित्झर्लंडमधला प्रागेल घाट त्या मानाने भाग्यवान: ग्लारुसच्या बाजूने तिथे शनिवार-रविवारी मोटारींना मज्जाव असतो. पण प्रागेलवर गाडी मिरवायला कोणी जात नाही, म्हणून तर ते जमतं.

गोटहार्डची कथा वेगळी. तिथे कोणी बंदी घातली नाही, मोटारीच जमिनीखाली गेल्या. १९८० मध्ये जवळजवळ १७ किलोमीटर लांबीचा रस्ता-बोगदा झाला. वरून जाणाऱ्यांसाठीही नवा रुंद रस्ता आहे. त्यामुळे आइरोलोहून चढणारी जुनी त्रेमोला वाट, ग्रॅनाइटच्या चिऱ्यांनी फरसबंद केलेली, २४ वळणांची, जवळजवळ सायकलींपुरतीच उरली. कायद्याने मोटार जाऊ शकते, पण दगडांवरून हाडं खिळखिळी करत जायची हौस थोड्यांनाच.

फ्रान्सने आणखी पुढची पायरी गाठली: मोटार कधी येणारच नाही असा घाट नव्याने बांधायचा. मेरिबेल आणि कुर्शव्हेल या स्कीच्या गावांमध्ये २,३०४ मीटरवरचा कोल द ला लोझ २०१९ मध्ये डांबरी झाला, फक्त सायकलींसाठी. कल्पना उत्तम, पण रस्ता स्कीच्या उतारांवरून नेलेला. घोड्याचा विचार करायचं कारणच नव्हतं. चढ मध्येच वीस टक्क्यांच्या वर उसळतो, लगेच सपाट होतो, पुन्हा उसळतो. २०२० मध्ये टूर पहिल्यांदा इथे आली. २०२३ मध्ये तादेइ पोगाचार याच चढावर कोलमडला, त्या टप्प्यात योनास विंगेगार्डच्या पावणेसहा मिनिटं मागे पडला. गंमत अशी, की त्या दिवशी मोटारी निषिद्ध असलेल्या या वाटेवर शर्यतीच्याच ताफ्यातली वाहनं खड्या चढावर अडकली आणि एकूण क्रमवारीत आघाडीवर असलेल्या विंगेगार्डचीही वाट क्षणभर अडली. सायकलीसाठी म्हणून बांधलेला हा घाट दोनेगानीच्या घाटापेक्षा सायकलस्वाराला कितीतरी निष्ठुर आहे.

मला विचाराल तर या सगळ्यांत शहाणा रस्ता ग्रोसे शायडेगचा. बर्नच्या पहाडी मुलखात माइरिंगेन आणि ग्रिंडेलवाल्ड यांच्यामधली ही १,९६२ मीटर उंचीची खिंड. एक दिवसाचा उत्सव नाही, पोस्टर नाही. खासगी मोटारींना इथे कायमचीच मनाई. माइरिंगेनच्या बाजूने टोल भरून गाडी रोझेनलाउइ आणि श्वार्झवाल्डआल्पपर्यंत येते, तिथून पुढे फाटक. ग्रिंडेलवाल्डच्या बाजूनेही गाव संपल्यावर तेच. फाटकाच्या पलीकडे गायींचे गोठे, परवानगी असलेले गुराखी आणि एसटीसारखी वक्तशीर पिवळी टपालबस. बसची वर्दी तिच्या तीन सुरांच्या भोंग्यातून मिळते. हे सूर रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या ऑपेराच्या संगीतातून घेतलेले आहेत. भोंगा ऐकला की सायकल कडेला घ्यायची, बसला आधी जाऊ द्यायचं. मनाईचं इतकं साधं गणित: ज्याला पाय चालवता येत नाहीत त्याला बस आहे, म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यांची अडचण हे कारण पुढे करायला जागाच उरत नाही.

चढ सोपा नाही. माइरिंगेनहून सोळा किलोमीटरमध्ये सुमारे १,३६० मीटर. सुरुवातीलाच राइखेनबाख धबधब्याशेजारून खडी वळणं येतात. शेरलॉक होम्सला कॉनन डॉयलने ढकललं ते इथेच. रोझेनलाउइच्या कुरणांत पाय थोडे मोकळे होतात, मग झाडी संपते आणि डाव्या हाताला वेटरहॉर्नची भिंत उभी राहते. खिंड ओलांडली, की समोर आयगर.

आपल्याकडच्या सहली युंगफ्राउयोखसाठी ग्रिंडेलवाल्डला जातात आणि दुपारनंतर चॉकलेटच्या दुकानांत रमतात. जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर तिथे एक दिवस जादा ठेवा. गावात भाड्याने सायकल मिळते, पाय साथ देत नसतील तर बॅटरीवर चालणारीही. सकाळी ग्रिंडेलवाल्डहून चढा, जेमतेम नऊशे मीटर आहे. पलीकडे माइरिंगेनला उतरा. ब्रेक तापू देऊ नका, बसला वाट द्या. संध्याकाळी सायकलीचं वेगळं तिकीट काढून इंटरलाकेनमार्गे आगगाडीने परत येता येतं.