मध्यस्थाचे दायित्व

दुसऱ्यांनी लिहिलेला मजकूर इंटरनेटवरून लोकांपर्यंत पोहोचविणाऱ्या सेवेवर त्या मजकुराबद्दल येणारी कायदेशीर जबाबदारी. भारतीय कायद्यात अशा सेवेस ‘मध्यस्थ’ ही संज्ञा आहे. वृत्तपत्राचा संपादक मजकूर निवडून छापतो, म्हणून बदनामीकारक लेखनास तो उत्तरदायी असतो. पुस्तकविक्रेता दुकानातील प्रत्येक पुस्तक वाचीत नाही, म्हणून त्यास सहसा दोष देत नाहीत. मध्यस्थ या दोहोंपैकी कोणासारखा, हा मूळ प्रश्न होय.

अमेरिकेत यातून विलक्षण पेच उद्‌भवला. कॉम्प्युसर्व्ह ही कंपनी मजकूर तपाशीत नसल्यामुळे १९९१ मध्ये न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयाने तिला जबाबदारीतून मुक्त केले. उलट प्रॉडिजी ही कंपनी असभ्य मजकूर गाळीत असे, आणि मुख्यतः याच कारणास्तव १९९५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या न्यायालयाने तिला प्रकाशक ठरविले. डोळे मिटून बसणाऱ्यास अभय आणि केर काढणाऱ्यावर ठपका, असा हा न्याय होता. १९९६ च्या कायद्यातील कलम २३० ने तो बदलला : इतरांच्या मजकुराबाबत मध्यस्थास प्रकाशक मानावयाचे नाही व सद्‌भावनेने मजकूर गाळल्याबद्दलही त्यास जबाबदार धरावयाचे नाही.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ७९ असे संरक्षण देते. मात्र ते सशर्त आहे. मजकूर बेकायदेशीर असल्याचे ‘प्रत्यक्ष ज्ञान’ होऊनही तो न काढल्यास संरक्षण संपते. २०११ च्या नियमांनुसार बाधित व्यक्तीची तक्रार यासाठी पुरेशी होती व ३६ तासांत हालचाल अपेक्षित होती. तक्रारीची शहानिशा करण्यापेक्षा मजकूर काढून टाकणेच मध्यस्थास सोईचे. लेखकाचे म्हणणे ऐकण्याची तरतूदही नव्हती. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयीच्या फेसबुकवरील मजकुरावरून पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली आणि आक्षेपार्ह संदेशांस शिक्षा सांगणारे कलम ६६अ देशभर चर्चेचा विषय बनले. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केले. याच निकालाने ‘प्रत्यक्ष ज्ञान’ म्हणजे न्यायालयाचा आदेश वा शासनाची अधिसूचना, असा अर्थ लावला. वृत्तपत्रांतून कलम ६६अ चीच चर्चा अधिक झाली. मध्यस्थांच्या दैनंदिन व्यवहारावर मात्र या दुसऱ्या भागाचा परिणाम मोठा आहे.

मजकूर स्वेच्छेने काढल्याने कलम ७९ चे संरक्षण जात नाही, असा खुलासा २०२१ च्या नियमांत आहे. खोटे कोणते हे कोणी ठरवावयाचे, हा वाद मात्र उरला. २०२३ च्या दुरुस्तीने केंद्र शासनाच्या कारभाराविषयीच्या मजकुराबाबत हा अधिकार शासननियुक्त पथकास देण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांत जानेवारी २०२४ मध्ये मतभेद झाला; तिसऱ्या न्यायाधीशाच्या मतानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरली.