डिजिटल एसएलआर कॅमेऱ्याने चित्रीकरण : ऑटोफोकसच्या पर्यायांचे विवेचन

प्रस्तावना

व्याख्याने, प्रात्यक्षिके व क्षेत्रकार्यातील मुलाखती यांच्या चित्रीकरणासाठी अनेक महाविद्यालयांत डिजिटल एसएलआर कॅमेरा वापरला जातो. वयोवृद्ध लोककलावंताची मुलाखत पुन्हा घेता येईलच असे नाही आणि फोकस चुकलेले चित्र नंतर संगणकावर पूर्णतः स्पष्ट करता येत नाही. म्हणून ऑटोफोकसचा पर्याय निवडण्यापूर्वी त्यामागील यंत्रणा समजून घेणे आवश्यक ठरते.

यंत्रणेचे स्वरूप

छायाचित्र घेताना काही प्रकाश मुख्य आरशामागील लहान आरशावरून स्वतंत्र फोकस-सेन्सरकडे जातो. लेन्सच्या दोन बाजूंकडून आलेल्या प्रतिमांतील अंतरावरून लेन्स कोणत्या दिशेने व किती सरकवावी हे तत्काळ कळते. यास फेज डिटेक्शन म्हणतात. चित्रीकरणाच्या वेळी मात्र आरसा वर उचललेला असल्याने हा मार्ग बंद होतो. मग मुख्य सेन्सरवरील प्रतिमेची स्पष्टता तपासून फोकस साधावा लागतो. या कॉन्ट्रास्ट डिटेक्शन पद्धतीत दिशा आधी कळत नाही. लेन्स योग्य बिंदू ओलांडून परत येते व ही चाचपड चित्रात दिसते.

२००८ साली आलेल्या निकॉन डी९० या चित्रीकरणाची सोय असलेल्या पहिल्या डिजिटल एसएलआरमध्ये चित्रीकरण चालू असताना ऑटोफोकस उपलब्ध नव्हता. २०१३ च्या कॅनन ईओएस ७०डी मध्ये मुख्य सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये दोन फोटोडायोड बसविण्यात आले. त्यामुळे आरसा वर असतानाही फेज डिटेक्शन शक्य झाले.

पर्यायांची निवड

१) वक्ता एका जागी असल्यास आरंभी एकदा फोकस साधून लेन्स मॅन्युअलवर ठेवावी. एफ/५.६ ते एफ/८ छिद्रमान ठेवल्यास किंचित हालचालीने चित्र सहसा धूसर होत नाही.

२) वक्ता फिरत असल्यास सतत ऑटोफोकस उपयुक्त असतो, मात्र कॅमेरा केवळ कॉन्ट्रास्ट डिटेक्शनवर चालणारा असल्यास तो टाळणे श्रेयस्कर.

३) चेहरा ओळखणारा पर्याय मुलाखतीस सोयीचा आहे, परंतु चौकटीत अनेक चेहरे असल्यास फोकस भलत्याच व्यक्तीवर जाण्याचा संभव असतो.

४) लेन्सच्या मोटरचा आवाज कॅमेऱ्यातील मायक्रोफोन टिपतो, म्हणून स्वतंत्र मायक्रोफोन वक्त्याजवळ ठेवावा.

निष्कर्ष

सतत ऑटोफोकस हा सर्वच प्रसंगी उत्तम पर्याय ठरतो असे नाही. कॅमेऱ्याची यंत्रणा व विषयाची हालचाल या दोहोंचा विचार करून, प्रत्यक्ष नोंदीपूर्वी मिनिटभराचे चाचणी-चित्रीकरण मोठ्या पडद्यावर पाहूनच निर्णय घ्यावा.