चढाईपटू जोखावा कसा?
सिद्धार्थ देसाईच्या बलस्थानांचा आणि उणिवांचा लेखाजोखा

वैराग : बार्शी-सोलापूर रस्त्यावरील वैरागसारख्या बाजारपेठेच्या गावांना कबड्डी नवी नाही. नवी आहे ती खेळाडूवर लागणारी बोली. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीगच्या पहिल्या लिलावात राकेश कुमारला मिळालेली १२ लाख ८० हजार रुपयांची बोली सर्वाधिक ठरली होती. पुढे पाच वर्षांतच कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याच्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई १ कोटी ४५ लाखांना विकला गेला. साहजिकच ग्रामीण भागातील प्रत्येक उंचापुऱ्या मुलाला आता चढाईपटू व्हावेसे वाटते. मात्र, चढाईपटूचे मोल नेमके कशावरून ठरते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. सिद्धार्थची कारकीर्द त्याचे चांगले उत्तर देते.

बलस्थान : ताकद आणि हात

२०१८ च्या सहाव्या हंगामात यू मुंबाने सिद्धार्थला ३६ लाख ४० हजार रुपयांत घेतले. लीगमधील त्याचा हा पहिलाच हंगाम होता. पहिल्या चार सामन्यांतच त्याने चढाईच्या ५० गुणांचा टप्पा गाठला. हंगामअखेर २१ सामन्यांत त्याच्या नावावर चढाईचे २१८ गुण होते, म्हणजे सामन्यामागे दहाहून अधिक. सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कारही त्यालाच मिळाला.

त्याच्या खेळात आडपडदा नाही. मध्यरेषा ओलांडली की थेट बचावफळीच्या अंगावर जायचे, धावत्या पायावर लांब हाताने गडी टिपायचा आणि पकड झालीच तर बचावपटूंना ओढत मध्यरेषा गाठायची. समालोचकांनी त्याला ‘बाहुबली’ म्हटले ते उगीच नव्हे. अशा खेळाडूचा मोठा लाभ एकाच चढाईत दोन-तीन गडी टिपण्यात असतो. सामना हातातून निसटत असताना अशी एक चढाई पारडे फिरवते. सलग दोन चढाया निष्फळ ठरल्यानंतर येणाऱ्या ‘करो या मरो’ चढाईतही संघाला असाच गडी हवा असतो.

तीच ताकद, तीच उणीव

तथापि, ज्या गुणामुळे सिद्धार्थ मोठा झाला, त्याच गुणात त्याची मर्यादाही आहे. चपळ चढाईपटू अंतर राखून खेळतो. समोर सहा किंवा अधिक बचावपटू असताना तो बोनस रेषा ओलांडून गुण घेतो आणि अंगाला हात न लागू देता परततो. ताकदीच्या चढाईपटूचा गुण मात्र झटापटीतून येतो. प्रत्येक झटापटीचा भार खांदा, गुडघा आणि घोटा यांवर पडतो. एका सामन्यात पंधरा-वीस चढाया आणि हंगामात वीसहून अधिक सामने, असा हिशेब केला म्हणजे शरीरावरील ताणाची कल्पना येते.

हे पुढे दिसूनही आले. २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सकडून त्याने २२ सामन्यांत २१७ गुण मिळवले. २०२१ च्या लिलावात टायटन्सने त्याच्यासाठी पुन्हा १ कोटी ३० लाख मोजले. पण त्या हंगामात दुखापतीमुळे तो मोजक्याच सामन्यांत खेळू शकला आणि संघ तळाला राहिला. गुणांच्या तक्त्यात खेळाडूची सरासरी दिसते, बाहेर बसलेले दिवस दिसत नाहीत.

गुण वाढले, संघ का नाही?

दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. २०१९ मध्ये सिद्धार्थ दोनशेहून अधिक गुण मिळवत असताना टायटन्स बारा संघांत अकरावे होते. मुख्य चढाईपटूची पकड झाली की प्रतिस्पर्ध्याला केवळ एक गुण मिळत नाही. तो चढाईपटूही बाहेर बसतो आणि संघाने गुण मिळवेपर्यंत त्याला परत येता येत नाही. या काळात दुसरा सक्षम चढाईपटू नसेल, तर बघता बघता लोण बसतो आणि दोन जादा गुण जातात. म्हणून मिळवलेल्या गुणांइतकेच महत्त्व आणखी दोन आकड्यांना आहे : किती चढाया निष्फळ गेल्या आणि तो किती वेळ मैदानाबाहेर बसला.

या दृष्टीने अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अस्लम इनामदारचे उदाहरण बोलके आहे. पुणेरी पलटणच्या या कर्णधाराने दहाव्या हंगामात गुणांच्या राशी रचल्या नाहीत. पण तो चढाईबरोबर पकडही करत होता आणि चढाईचा भार सहकाऱ्यांत वाटला जात होता. १ मार्च २०२४ रोजी अंतिम सामन्यात पुण्याने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवले. हंगामातील सर्वांत मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार अस्लमला मिळाला. योगायोग असा, की त्याच हंगामासाठी हरियाणाने सिद्धार्थला एक कोटी रुपयांना घेतले होते.

मुलांनी काय घ्यावे?

याचा अर्थ सिद्धार्थची बोली फुगवलेली होती, असा नाही. सलग दोन हंगाम सामन्यामागे दहाच्या आसपास गुण मिळवणे कोणत्याही निकषावर असामान्य आहे. प्रश्न आहे तो त्याचे अनुकरण करताना आपण काय उचलतो याचा. व्यायामशाळेत दंड कमावणे सोपे असते आणि लगेच दिसते. पावलांची लय, बोनसची नजर, रिकाम्या हाताने पण सुखरूप परतण्याचा संयम या गोष्टी दिसत नाहीत, म्हणून त्यांचा सराव मागे पडतो. शिवाय मातीवर वाढलेला मुलगा मॅटवर उतरला, की बुटांची पकड घट्ट असल्याने वळताना गुडघ्यावर वेगळाच ताण येतो. त्याची तयारी आधीपासून व्हायला हवी.

गावातील प्रशिक्षकाला महागड्या यंत्रणेची गरज नाही. एका वहीत प्रत्येक खेळाडूच्या एकूण चढाया, यशस्वी चढाया, झालेल्या पकडी, बोनस गुण आणि दुखापतीने बुडालेले सामने एवढे टिपले, तरी पुरे. हंगामाच्या शेवटी ती वही जे सांगेल, ते टाळ्यांच्या कडकडाटात ऐकू येत नाही. लिलावातील आकडा एका दिवसाचा असतो. खेळाडूला आपले गुडघे आणि खांदे मात्र आयुष्यभर वापरायचे असतात.